टोककान्यांतली फूट

आमच्या एल्फांमध्ये फूट पडली ती एका रविवारी दुपारी, अंबाडीची भाजी निवडताना. मी पानं खुडत होते, मैत्रीण देठं वेगळी करत होती आणि घरमालक काका ओसरीच्या खांबाला टेकून नेहमीसारखे ऐकत बसले होते. मैत्रिणीने विचारलं, "समज, त्यांना एक हिरवा ग्रह सापडला. हवा चांगली, माती चांगली. मग ते उतरतील ना?"

"नाही उतरणार," मी म्हणाले.

"उतरतील," ती म्हणाली.

सुरुवातीला आम्ही हसलो. पण भाजी धुऊन झाली, फोडणीला पडली, तरी वाद काही संपेना.

हे एल्फ कोण, ते आधी सांगायला हवं. केशोरीच्या शाळेत मी मराठी शिकवायची आणि ती विज्ञान. शिक्षकांनी गावातच राहावं असा नियम होता, म्हणून काकांच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही घेतल्या होत्या. मधे एक ओसरी, ती तिघांची. काका निवृत्त वनरक्षक. मूळचे सालेकसाकडचे, गोंड. शेवटची नेमणूक इकडे झाली आणि इथेच राहून गेले. काकू वारल्या होत्या, मुलगी लग्न होऊन छत्तीसगडात. गाव त्यांना गार्डसाहेब म्हणायचं.

माझं घर गोंदियाला लागून, मुर्रीत. नवऱ्याची नोकरी गोंदियात, त्यामुळे शनिवारी शाळा सुटली की मी अर्जुनीहून गाडी पकडून घरी जायची आणि रविवारी दुपारपर्यंत परतायची. दर शनिवारी जमायचंच असं नाही. मैत्रिणीचं गाव अर्जुनीपासून जवळच होतं, पण तिथे आता तिची आई एकटीच, दुसऱ्याच्या घराच्या मागच्या खोलीत राहत होती.

एका पावसाळ्यात रस्ता वाहून गेला आणि बस बंद पडली. शाळेत मुलं नाहीत, घरी जाता येत नाही. मी एका परदेशी पुस्तकाचं भाषांतर वाचत होते. त्यात एल्फ नावाचे लोक होते. टोकदार कानांचे, हजार हजार वर्षं जगणारे, जंगलात राहणारे. मी ते मोठ्याने वाचून दाखवत होते. मैत्रीण म्हणाली, "हजार वर्षं जगतात आणि नुसते बाणच मारतात? मला हजार वर्षं द्या, मी आभाळात जाऊन येईन."

तिथून आम्ही आमचे एल्फ सुरू केले. त्यांचा सूर्य विझत आला म्हणून त्यांनी आपलं जंगलच सोबत घेतलं आणि निघाले, अशी ती गोष्ट. जहाजं लाकडाची नव्हेत, जिवंत झाडांची. काका तोवर एक शब्द बोलले नव्हते. एकदम म्हणाले, "कोनत्या झाडाचं जहाज आहे जी?"

"सागाचं," मी म्हणाले.

"साग नाई चालनार. बिज्याचं करा. बिज्याचं लाकूड पान्यात ठेवलं तं पानी निळं होते. आभाळाले शोभते ते."

मग जहाजं बिज्याची झाली. एल्फ हा शब्द काकांच्या तोंडात बसेना, ते त्यांना टोककाने म्हणायचे, आणि आम्हालाही तेच आवडायला लागलं. शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या आकाराची एक जाड वही घेतली. एका रविवारी मी लिहायचं, दुसऱ्या रविवारी तिने. लिहिलेलं काकांना वाचून दाखवायचं. दुसरीने लिहिलेल्यात हात घालायचा नाही, एवढाच नियम. असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत टोककान्यांनी बऱ्याच ताऱ्यांजवळून जहाजं नेली, पण भांडण असं त्यांच्यात कधी झालं नव्हतं.

अंबाडीच्या त्या रविवारनंतर त्यांचे दोन पक्ष झाले. हिरव्या ग्रहावर उतरू पाहणारे ते थांबे, आणि पुढे जाऊ म्हणणारे ते चाले. चाल्यांची बाजू मी लिहायची. त्या ग्रहावर आधीच कोणी बुटकी माणसं राहतात, असं मी लिहिलं. त्यांचं रान घेतलं तर आपणही वाईटच ठरू, आणि आपला धर्म चालत राहण्याचा आहे, असं माझ्या चाल्यांचं म्हणणं. थांब्यांची बाजू ती लिहायची. जहाजातली झाडं मातीवाचून खंगत चाललीत, इथेच जन्मलेल्या पोरांनी माती पाहिलेलीच नाही, आणि चालत राहणं हा धर्म ज्यांच्याकडे पूर्वी घर होतं त्यांनाच सुचतो, असं थांब्यांची म्हातारी सभेत म्हणायची.

ते वाक्य मला टोचलं. मी विचारलं, "हे माझ्यासाठी आहे का?"

"म्हातारी बोलतेय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "आमच्या आजोबांनी छप्पनला दीक्षा घेतली. देव सुटले, पण घर गावाच्या कडेला होतं तिथेच राहिलं, तेही दुसऱ्याच्या जागेत. तुझी मुर्रीला शेती आहे. तुला फिरतं राहणं छान वाटत असेल."

 तिचं चुकत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण पुढच्या रविवारी मी चाल्यांना आणखी कडक केलं.

याच दिवसांत मी एक गोष्ट केली, ती इथेच सांगून टाकते. एका दिवाळी अंकाने गोष्टी मागवल्या होत्या. मी वहीतला पहिला भाग, सूर्य विझण्यापासून जहाजं सुटण्यापर्यंतचा, स्वच्छ उतरवून काढला आणि पाठवला. नाव फक्त माझं. मनाशी म्हटलं, शब्द तर बहुतेक माझेच आहेत. मग म्हटलं, छापून आला तर तिला आश्चर्याचा धक्का देऊ. दिवाळीच्या सुट्टीआधी अंक टपालाने शाळेत आला. गोष्ट छापली होती, वर माझं एकटीचं नाव. मी तो खोलीत नेला आणि पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवून कुलूप घातलं. धक्का देण्याचा विषय पुन्हा माझ्या मनात आला नाही.

स्वतः काही लपवलेलं असलं की सगळं जग लपवताना दिसायला लागतं. मला ते त्या हिवाळ्यात कळलं.

दिवाळीनंतर मी गोष्टीत एक दुभाष्या आणला. तो चाल्यांच्या जहाजावरचा एल्फ होता. बुटक्या माणसांची भाषा येणारा तो एकटाच. सभेत तो चाल्यांच्या बाजूने हात वर करायचा आणि आतून थांब्यांना उतरण्याचे नकाशे पुरवायचा. गोष्ट थोडी मंदावली होती, तिला वळण हवं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. एका पानावर मी असं लिहिलं की थांब्यांची पहिली तुकडी ग्रहावर उतरते आणि हा दुभाष्या बुटक्यांना फर्मान वाचून दाखवतो. फर्मानात लिहिलेलं असतं, की तुम्ही आपल्या मर्जीने हे रान सोडत आहात. बुटक्यांच्या भाषेत मर्जी हा शब्दच नसतो. मग तो त्यांना म्हणतो, "तुम्हाला जायचं आहे." तेवढंच.

हे पान मी ओसरीत वाचून दाखवलं. काका उठले आणि बैलाला पाणी पाजायला गेले. बैलाला पाणी थोड्या वेळापूर्वीच पाजून झालं होतं. मैत्रिणीने विचारलं, "हा दुभाष्या तुला कुठून सुचला?"

"असाच."

"असाच," ती म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर तिचे फोन वाढले. ती मागच्या आंगणात, चिंचेखाली जाऊन बोलायची. मी बाहेर आले की म्हणायची, "करते नंतर." शनिवारी ती आईकडे जाते असं सांगायची, पण एकदा तिच्या पिशवीतून गोंदियाच्या रिक्षास्टँडजवळच्या मिठाईवाल्याचा पुडा निघाला. मी विचारलं नाही. विचारण्याऐवजी मी पाहत राहिले. तिने वही कधी उचलली, किती वेळ वाचली, कोणत्या पानावर थांबली.

पौषात एका दुपारी मी वही उघडली आणि फर्मानाचं पान नव्हतं. फाडलेलं नव्हतं, ब्लेडने शिलाईजवळून कापलेलं होतं. नीट, सरळ. विज्ञानाची शिक्षिकाच असं कापेल, असं माझ्या मनात आलं. आकृत्या कापून फळ्यावर चिकटवणारा तिचाच हात.

मी काकांना विचारलं, "वहीतलं पान कोणी कापलं, काही माहीत आहे का?"

ते कुंपणाचा बांबू तासत होते. मान वर न करता म्हणाले, "वही तुमची आहे जी. मी कायले पाहू?"

मला वाटलं, ते तिला पाठीशी घालताहेत. दोघं आधीच बोलले असणार. आठवून पाहिलं तर दोन दिवसांपूर्वी मी शाळेतून आले तेव्हा दोघं ओसरीत होते आणि मला पाहून बोलणं थांबलं होतं. त्यांचं काय बोलणं चाललं असेल हे मी स्वतःच रचलं, आणि रचलेलं खरं मानून चालायला लागले.

त्या शनिवारी मी मुर्रीला गेले. जेवताना नवरा म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीचं झालं का प्लॉटचं?"

"कसला प्लॉट?"

त्याचा घास थांबला. मग म्हणाला, "तिने सांगू नका म्हटलं होतं. इधर पीछे, कालव्याकडे प्लॉट निघाले आहेत. महिना झाला, दोनदा येऊन गेली. मीच दाखवायला गेलो होतो."

"महिना झाला, आणि तू मला आत्ता सांगतोयस?"

"तिची इच्छा होती ना. तुझी मैत्रीण आहे, मला वाटलं तीच सांगेल."

माझ्या नवऱ्याला मी पंधरा वर्षं ओळखते. तो काही लपवण्यातला माणूस नाही. तरी त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी गाडीत बसल्यावर, सौंदडपर्यंत मी त्या दोघांविषयी जे जे मनात आणलं, त्याची मला आजही लाज वाटते. सौंदडनंतर ते ओसरलं आणि त्याजागी दुसरा राग आला. तिने जागा बघितली ती माझ्या घरामागे, माझ्याच नवऱ्याला घेऊन, आणि ओसरीत रोज माझ्यासमोर बसून भाजी निवडली. मनात म्हटलं, हीच ती दुभाष्या.

पण मी तिला विचारलं नाही. मी वहीत लिहिलं. त्या रविवारी चाल्यांनी दुभाष्याला पकडलं आणि सभेपुढे उभं केलं. मी लिहिलं, "तू आमच्या पानावर जेवलास आणि त्यांच्यासाठी जमीन मोजलीस." वाचून दाखवताना माझा आवाज बरा होता, असं मला वाटतं.

तिने ऐकून घेतलं. तिचा रविवार पुढचा होता, पण तिने त्याच संध्याकाळी वही नेली आणि सकाळी माझ्या दाराशी आणून ठेवली. तिने एकच परिच्छेद लिहिला होता. दुभाष्या सभेला म्हणतो, "मी जमीन मोजली, कारण माझी आई उभी राहून थकली आहे. पण या जहाजाची गाणी कोणी आपल्या एकट्याच्या नावाने बाजारात नेली, तेही सभेने विचारावं."

मी ते उभ्यानेच वाचलं. पुन्हा वाचलं. पेटीला कुलूप आहे का ते जाऊन पाहिलं. कुलूप होतं. तिला कळलं आहे की नाही, हे त्या एका वाक्यावरून ठरवता येईना. दिवसभर शाळेत ती मुलांना भिंगाने कागद जाळून दाखवत होती, मधल्या सुट्टीत माझ्याशी चहाही प्यायली, आणि तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. मी तिच्याकडे पाहत होते आणि तीही माझ्याकडे पाहत होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

माघात कचारगडला गोंडांची जत्रा असते. काका दरवर्षी जायचे आणि या वर्षी आम्ही दोघींनी सोबत यायचं हे बरंच आधी ठरलेलं होतं. आता नाही म्हणायला कोणाकडेच कारण नव्हतं. कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. गोंदियाला गाडी बदलून दरेकसाला उतरलो. वाटेत काकांनी संत्री सोलली आणि दोघींना सारख्या फोडी दिल्या. आम्ही खिडकीच्या दोन बाजूंनी बाहेर पाहत होतो.

चढावर गर्दी होती. पिवळे झेंडे, ढोल, पाठीवर लेकरं घेतलेल्या बाया. काका मला माहीत होते त्याहून वेगळे दिसत होते. डोक्याला पिवळा फेटा, ओळखीचे लोक थांबून त्यांच्याशी गोंडीत बोलत होते. गुहेत आम्ही गेलो. मोठी गुहा, छताला वर एक भोक, त्यातून ऊन खाली पडत होतं. काकांनी पूजा केली आणि बाहेर येऊन एका दगडावर बसले. आम्हाला म्हणाले, "बसा. बोलाचं आहे."

आम्ही बसलो.

"पान मी कापलो," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. "कोणतं पान?"

"फर्मानाचं. ब्लेड माजं होतं, दाढीचं." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "तुम्हाले ते कोनं सांगितलं, ते पहिले सांगा. गावात कोन बोललं?"

"कोणी नाही काका. मी मनाने लिहिलं."

त्यांचा विश्वास बसला नाही. मैत्रिणीकडे वळून म्हणाले, "तुमच्या आईकडचं कोनी असन. उठवलेल्या गावचे लोक तिकडेच बसवले होते ना."

"माझी आई तुम्हाला ओळखतही नाही, काका," ती म्हणाली.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीची सुरुवात होती. जंगलातलं एक गाव उठवायचं ठरलं होतं. साहेबांनी मराठीत कागद वाचला आणि काकांना गोंडीत सांगायला लावलं, कारण गोंडी येणारे तेच होते. कागदात होतं, की गावकरी स्वखुशीने जागा सोडत आहेत. "स्वखुशी मी कसं सांगू? मी म्हणलो, तुमाले जाचं आहे. ते म्हणले, बरं. एक म्हातारा होता, तो मले म्हणला, तू आपलाच ना रे. मी म्हणलो, हो." काका मांडीवरच्या फेट्याची घडी घालत राहिले. "तुमी वाचलं ना ते पान, मले वाटलं हे दोघी दोन वर्षं माज्यावरच लिवून राहिल्या. मी ओसरीत बसतो, तुमी माजंच काढून घेता. म्हणून कापलो. जाळलो बी."

ढोल चालूच होते. मी म्हणाले, "काका, मला खरंच माहीत नव्हतं." हे मी तीन-चारदा म्हटलं असेन. दर वेळी ते जास्तच खोटं ऐकू येत होतं, आणि होतं मात्र खरं.

मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "मला वाटलं, तो दुभाष्या मी आहे."

काकांनी आणि मी, दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"बदलीचा अर्ज केलाय मी. गोंदियाजवळच्या शाळेसाठी. आईचे गुडघे गेलेत, तिला दवाखाना जवळ हवा. मुर्रीला प्लॉट घेतलाय. तुला सांगणार होते," ती माझ्याकडे वळली, "पण तू दर रविवारी थांब्यांना भित्रे आणि चोर लिहीत होतीस. मी कोणत्या तोंडाने सांगू, की मी थांबतेय? आणि मग तू तो दुभाष्या आणलास. वर चाल्यांचा, आतून थांब्यांचा. मला वाटलं, तुला सगळं कळलंय आणि तू मला गोष्टीतून मारतेयस."

"कळलं नव्हतं. तेव्हा नव्हतं कळलं."

"आता माहीत आहे."

"हो."

एवढं झाल्यावर मी माझंही सांगायला हवं होतं. त्या दोघांनी आपापलं सांगितलं होतं, माझी पाळी उघड होती. पण मी उठले आणि म्हणाले, "गाडीची वेळ होतेय."

दरेकसाच्या फलाटावर गाडी उशिरा होती. काका नळावर पाणी भरायला गेले. मैत्रीण माझ्या शेजारी बाकावर बसली होती. सरळ समोरच्या डोंगराकडे पाहत म्हणाली, "गोंदिया स्टेशनच्या स्टॉलवर घेतला मी तो अंक. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी."

 तीन महिने तिला माहीत होतं.

"तू बोलली का नाहीस?"

"तू कायले नाई बोललीस?" रागावली की तिची पुस्तकी मराठी गळून पडायची. "मी वाट पाहून राहिली होती. म्हटलं आज सांगन, उद्या सांगन. दर रविवारी वही घेऊन बसायची तू माझ्यापुढे. हजार वर्षं जगतात आणि नुसते बाणच मारतात, हे वाक्य माझं होतं. ते तुझ्या नावाखाली छापून आलं आहे. पहिल्याच पानावर."

मी म्हणाले, "मी संपादकांना लिहिते. दोघींचं नाव टाका म्हणून."

"छापून गेलं आता."

"तरी लिहिते."

"लिही," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी लिहू नको. तुला लिहायचं असेल तर लिही."

काका पाणी घेऊन आले. त्यांनी आमची तोंडं पाहिली आणि बाटली पुढे केली. गाडी आली. डब्यात बसायला एकच जागा होती. ती आम्ही काकांना दिली आणि दोघी दारापाशी उभ्या राहिलो.

मी संपादकांना पत्र लिहिलं. पुढच्या वर्षीच्या अंकात, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दोन ओळी आल्या. त्या फार कोणी वाचल्या नसतील. मैत्रिणीने वाचल्या की नाही, तिने सांगितलं नाही.

त्याआधीच, जत्रेनंतरच्या उन्हाळ्यात, तिची बदली झाली. जायच्या आदल्या दिवशी आम्ही वही ओसरीत ठेवून बसलो. टोककान्यांचं काय करायचं हा प्रश्न होताच. ती म्हणाली, "थांबे उतरू देत, चाले जाऊ देत. एकाच वहीत राहायची सक्ती कशाला?"

"आणि बुटके?" मी विचारलं.

काका म्हणाले, "त्याहिले कोनी विचारलंच नाई ना. साल होत आलं. तुमी दोघी भांडल्या, रान त्याहिचं."

हे खरं होतं. आमच्या दोघींच्या दोन पक्षांत बुटक्यांना एक वाक्यही बोलायला मिळालं नव्हतं. माझ्या चाल्यांनाही त्यांची कीव होती, त्यांच्याशी बोलणं नव्हतं. मैत्रिणीने पेन काढलं आणि काकांना विचारलं, "काय म्हणतील ते?"

काका म्हणाले, "म्हणतीन, यायचं तं या. पन कागद आनू नका. बसा, खा, अन् विचारा."

तिने ते तसंच लिहिलं, काकांच्याच बोलीत. त्याखाली आम्ही दोघींनी काही लिहिलं नाही. वही काकांनी ठेवून घेतली.

आता तिचं घर मुर्रीत उभं आहे, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. पत्र्याऐवजी स्लॅब, पुढे दोन पायऱ्या, आणि पायरीला तिने आईसाठी लोखंडी दांडा लावून घेतला आहे. मी अजून केशोरीलाच आहे. शनिवारी आले की कधी कधी तिच्याकडे जाते. चहा होतो, शाळांच्या गोष्टी होतात. पूर्वीसारखं झालंय असं मी म्हणणार नाही. ती फोनवर बोलत असताना मी आत आले की ती बोलणं थांबवत नाही, पण आवाज थोडा मोठा करते, मला सगळं ऐकू जावं म्हणून. मी कुठे काही पाठवलं की तिला आधी सांगते, ती विचारत नसली तरी. दोघींनाही माहीत आहे की हे आपण ठरवून करतोय.

गेल्या हिवाळ्यात तिने सहज विचारलं, "सध्या काय लिहितेस?"

"आपल्यावरच लिहितेय," मी म्हणाले. "तू, मी, काका, टोककाने. नावं घालणार नाही."

तिने कप खाली ठेवला.  मग म्हणाली, "छापायच्या आधी मला वाचायला दे."

मी केशोरीला गेल्यावर काकांनाही विचारलं. ते म्हणाले, "लिवा. पन त्या गावाचं नाव घालू नका. त्या म्हाताऱ्याचे नातू आहेत अजून."

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी लिहिलेले कागद तिला नेऊन दिले. ती ते चार दिवस ठेवून बसली. त्या चार दिवसांत मी दोनदा तिच्या घरावरून गेले, दार बंद होतं, आणि दोन्ही वेळा माझ्या मनात वाईटसाईट येऊन गेलं. पाचव्या दिवशी तिने कागद परत केले. दोन परिच्छेदांवर लाल पेनाने आडवी रेघ मारली होती. एक तिच्या आईबद्दल होता, एक तिच्याबद्दल.

"हे काढ," ती म्हणाली. "बाकी राहू दे."

ते दोन परिच्छेद इथे नाहीत.